गुणवंतभाईंचा संग्रह

घडियाळी पोळ, बडोदे
६ ऑक्टोबर २००३

दादा,

वर 'तीर्थरूप' लिहिणार होते, हाताला सवय आहे. पण सध्या ते तुला शोभत नाही, म्हणून नुसतं दादा. साष्टांग नमस्कारही या पत्रापुरता बाजूला ठेवते.

तू म्हणशील, रिक्षाने पंधरा मिनिटांवर राहते आणि पत्रं काय लिहिते. फोन केला असता तर मी किंचाळले असते. घरी आले असते तर वहिनीने चहा टाकला असता, आणि वहिनीचा चहा पुढ्यात आला की मला भांडता येत नाही, हे तुम्हा दोघांना चांगलं ठाऊक आहे. म्हणून पोस्टाने. गोरव्याला पोहोचायला दोन-तीन दिवस लागतील. लागू देत.

परवा खंडेनवमीला मी कारखान्यातली पूजा अर्धी टाकून निघून आले. तू कामगारांना 'तिला चक्कर आली' असं सांगितलंस म्हणे. मला चक्कर वगैरे काही आली नव्हती. काय झालं ते तुला माहीत आहे, तरी लिहिते, कारण माहीत असून माहीत नसल्यासारखं वागायची तुला जुनी खोड आहे.

लेथला झेंडूच्या माळा घातल्या होत्या. चौरंगावर तुझे पाने, हातोडे, मोजमापाची हत्यारं, आणि त्यांच्या शेजारी माझा कॅमेरा. तू त्याला कुंकू लावलंस. काचेला लागू नये म्हणून बोट किती जपून फिरवत होतास! मला भरून आलं होतं, खोटं कशाला सांगू. आपल्या घरात फोटो काढणं म्हणजे लग्न झालं नाही म्हणून जडलेला नाद, असंच सगळे समजत आले. तू मात्र गेली कित्येक वर्षं माझ्या कॅमेऱ्याला तुझ्या मशिनांच्या पंगतीला बसवत होतास. याचं मला केवढं कौतुक होतं.

तेवढ्यात वहिनी म्हणाली, "मोहनाताई, प्रसादावर झाकायला एक धुतलेलं कापड आणा ना, ह्यांच्या केबिनमधल्या कपाटात असेल."

कपाटात कापड होतंच. खालच्या खणात व्हॉल्वच्या कॅटलॉगांमागे खाकी कागदातले चपटे गठ्ठेही उभे करून ठेवले होते. अकरा. आजवर माझी अकराच चित्रं विकली गेली आहेत.

सुतळीची गाठ माझी होती. बाबांनी शिकवलेली, त्यांच्या रेकॉर्ड कचेरीतली, दप्तरं बांधायची. एक टोक ओढलं की सुटते, पण एकदा सुटली की परत तशी बसत नाही, सुतळीला मोड राहते. कुणी दप्तर उघडून बघितलं का, हे बाबा नुसतं गाठीकडे पाहून सांगायचे, आठवतं? त्या अकरांतली एकही गाठ कुणी सोडलेली नव्हती.

म्हणजे सुरतचे गुणवंतभाई, ज्यांनी ९५ सालापासून माझ्या प्रदर्शनांतून चित्रं घेतली, ज्यांचं नाव गॅलरीच्या नीराबेन इतक्या अदबीने घ्यायच्या, ज्यांना मी माझा पहिला रसिक समजत होते, ते तू होतास. आणि तूही ती चित्रं बघितली नाहीस.

फेब्रुवारीत मुंबईला माझं प्रदर्शन आहे. चाळिशी उलटल्यावर मिळालेलं पहिलं मोठं. त्या लोकांनी मला घेतलं ते माझी चित्रं विकली जातात हे ऐकून. माहितीपत्रकात छापायला त्यांनी मजकूर मागवला होता, तेव्हा मी मोठ्या ऐटीत लिहून पाठवलं, की माझी चित्रं खासगी संग्रहांत आहेत. तो संग्रह तुझ्या केबिनमध्ये कॅटलॉगांच्या मागे निघाला.

मला एवढंच सांग. या इतक्या वर्षांत माझं एक तरी चित्र कुणाला खरोखर हवं होतं का?

मोहना


घडियाळी पोळ, बडोदे
२२ ऑक्टोबर २००३

दादा,

तुझं पत्र मिळालं. कंपनीच्या कागदावर, वर व्हॉल्वचं चित्र, खाली टाइप केलेला मजकूर. सही स्वतः केलीस, हे उपकारच म्हणायचे.

तू लिहितोस, हे सगळं माझ्या आनंदासाठी केलं. गुणवंतभाई तुमचा सुरतेचा डीलर, देवमाणूस, त्याने फक्त नाव वापरू दिलं. आणि पुढे लिहितोस, 'मी सर्व फोटो उघडून पाहिले व पुन्हा नीट बांधून ठेवले. विशेषतः गरब्याच्या गर्दीचा फोटो फारच आवडला.'

दादा, माझ्या चित्रांत गर्दी नाही. गरबाही नाही. माझ्या एकाही चित्रात जागं माणूस नाही! दुपारी आपल्या इथली दुकानं अर्धी शटरं ओढून घेतात, तेव्हा आत झोपलेली माणसं मी काढते. बांगड्यांच्या खोक्यांना टेकून झोपलेला कासार. गल्ल्यावर डोकं ठेवून झोपलेला सोनार. कापडाच्या ठाणांवर आडवे झालेले, चष्मा न काढताच घोरणारे शेठ. प्रदर्शनाचं नावच 'वामकुक्षी' असायचं, दर वेळी. पहिल्या चारही प्रदर्शनांच्या उद्घाटनाला तू आलास, दाराशी उभा राहून धंद्याचं बोलत राहिलास, सामोसे छान आहेत म्हणालास. आणि तुला गरब्याची गर्दी आवडली.

मी हसले. घरात एकटी बसून मोठमोठ्याने हसले, मग रडले. दोन्ही तुला कळावं म्हणून लिहिते.

नंतर नीराबेनकडे गेले. गॅलरीला नवीन एसी बसवलाय, कोपऱ्यात खोट्या फुलांची फुलदाणी आलीय. मी सरळच विचारलं. म्हणाल्या, "जुओ मोहनाबेन, जयवंतभाईए कह्युं हतुं के बेनने खबर ना पडवी जोईए. भाई-बेननी वात, एमां हुं शुं बोलुं?" मी म्हटलं, त्याने मला कळू द्यायचं नाही सांगितलं, भावाबहिणीत तुम्ही काय बोलणार, ठीक आहे, पण दुसऱ्या कुणी कधी एखादं मागितलं होतं? निदान विचारलं होतं? त्या माझ्याकडे न बघता ती फुलदाणी सारखी करायला लागल्या. इकडून तिकडे, तिकडून इकडे. त्यांचं काही आटपेना, तेव्हा मी निघाले.

या बाईंनीच दर प्रदर्शनात तिसऱ्या दिवशी माझ्या चित्राच्या शेजारी लाल टिकली चिकटवायची आणि मला हळूच म्हणायचं, "गुणवंतभाईनी नजर तो नजर छे!" लाल टिकली म्हणजे चित्र विकलं गेलं. घरी येताना मला रस्त्यातला प्रत्येक माणूस आवडायचा. खंडेराव मार्केटात थांबून मी उगाच महागाची फळं घ्यायची आणि बाबांना चमच्याने भरवायची.

तू ड्रायव्हरबरोबर पाठवलेले गठ्ठे मिळाले. सगळ्या गाठी मीच सोडल्या.

आत चित्राबरोबर माझी एकेक चिठ्ठी आहे. तुला माहीतच नसेल. मी प्रत्येक चित्राबरोबर गुणवंतभाईंना चिठ्ठी लिहायची, माझ्या चुकीच्या गुजरातीत. पहिलीत लिहिलंय: चित्र उन्हासमोर लावू नका, आणि सवड झाली तर ते भिंतीवर कसं दिसतं हे एका ओळीने कळवा. उत्तर आलं नाही. दुसरीत पुन्हा तेच, जरा लाजत. नंतर मी स्वतःची समजूत घातली, की व्यापारी माणूस, कुठे लिहीत बसेल, पण मन लावून बघत असेल. पुढे पुढे तर चिठ्ठ्यांमध्ये मी त्यांना काय काय सांगत सुटले आहे! घरात ज्या गोष्टी कुणाला सांगितल्या नाहीत त्या त्या माणसाला सांगितल्या, जो सुरतेत बसून तुझे व्हॉल्व विकत होता.

९७ सालची चिठ्ठी तुझ्यासाठी मराठीत करून देते. 'आदरणीय गुणवंतभाई, मुंबईच्या एका नामवंत फोटोग्राफरबाईंनी माझी चित्रं पाहून मला बोलावलं आहे. त्यांच्या डार्करूममध्ये दोन वर्षं काम करायचं, शिकायचं, राहायची सोयही त्या करणार आहेत. पण या वेळी आपण एकदम चार चित्रं घेतलीत. घराजवळच असा माणूस असेल तर लांब कशाला जायचं? मी त्यांना नाही म्हणून कळवते आहे. हे आपल्याला सांगावंसं वाटलं.'

सहा वर्षं ही चिठ्ठी तुझ्या खुर्चीपासून दोन हातांवर होती. सुतळीचं एक टोक ओढायचं होतंस, दादा. त्याच आठवड्यात ओढलं असतंस तर माझं नाही म्हणणं थांबवता आलं असतं.

भाऊबीजेला येणार नाही. वहिनीला सांग, माझ्यासाठी चिरोटे करत बसू नकोस.

मोहना


घडियाळी पोळ, बडोदे
२९ नोव्हेंबर २००३

दादा,

काल वहिनी येऊन गेली, ते तिने तुला सांगितलं असेल. काय बोलली ते सांगितलं का?

चिरोट्यांचा डबा घेऊन आली होती. महिना उलटला तरी जपून ठेवलेले. चहा मीच केला, म्हणजे या वेळी पारडं माझ्या बाजूला होतं. तिने इकडचं तिकडचं काढलं, मग म्हणाली, "मोहनाताई, केवढं मनाला लावून घेता? ह्यांनी काय चोरी केली? स्वतःच्या बहिणीचंच घेतलं ना? अन् तेव्हा तुम्ही मुंबईला गेल्या असत्या, तर बाबांचं कोणी केलं असतं?"

बोलली आणि तिचा चेहराच उतरला.

मी म्हटलं, "तेव्हा म्हणजे कधी, वहिनी?"

तिला खोटं बोलता येत नाही. तुमच्या घरात ती एकटीच तशी आहे. ती रडत होती आणि सांगत होती. ९७ साली मुंबईचं पत्र आलं, ते मी बाबांना वाचून दाखवलं होतं. अर्धांगवायूने त्यांची एक बाजू गेली होती, बोलणं फक्त मला आणि तुला कळायचं. त्यांनी ते तुला सांगितलं. त्याच संध्याकाळी तू नीराबेनना फोन केलास, की चार चित्रं गुणवंतभाईंच्या नावे लावून टाका. वहिनीला म्हणालास, "आता ती कुठे जात नाही."

हे वाक्य मी रात्रंदिवस ऐकते आहे. आता ती कुठे जात नाही.

९५ साली दोन घेतलीस ती मायेपोटी, यावर माझा विश्वास आहे. बहिणीचा हिरमोड होऊ नये असं वाटलं असेल. पण ९७ साली तू चित्रं घेतली नाहीस, मला ठेवून घेतलंस. ९९ साली तीन, २००१ साली दोन. मागच्या वर्षी बाबा गेले. आणि या जानेवारीतल्या प्रदर्शनाला तू आला नाहीस, आणि एकही टिकली लागली नाही. नीराबेन म्हणाल्या, "मार्केट ठंडुं छे." मी ते खरं मानलं. आता कळतंय, बाबा गेले आणि गुणवंतभाईंची नजरही गेली.

तू मला विचारायचं होतंस. 'मोहना, मला कारखाना सोडून हे जमणार नाही, तुझ्या वहिनीला एकटीला झेपणार नाही, तू राहा,' एवढं तोंडाने म्हणायचं होतंस. मी राहिले असते. त्यांना कुशीवर वळवणं, भांडं देणं, दाढी करणं, सगळं मी केलं, आणि तुझ्यासाठी नाही केलं, ते माझे बाबा होते म्हणून केलं. कुरकुर करत राहिले असते, पण माझं मी ठरवून राहिले असते. तू मला वाटू दिलंस, की मी कलेसाठी राहिले. ते वाटणं काढून घेतलं तर माझ्याकडे त्या वर्षांचं काय उरतं, सांग ना.

आता दोन गोष्टी माझ्याही लिहिते, नाहीतर वहिनीपेक्षा मी खोटी ठरेन. मुंबईची मला भीती वाटत होती. चार टिकल्या बघितल्या आणि माझा जीव भांड्यात पडला. जायला नको म्हणायला इतकं सुंदर कारण मला कुणी दिलं नव्हतं. दुसरी गोष्ट, ९९ साली मला शंका आली होती. त्या वेळी गुणवंतभाईंनी घेतलेल्या तीन चित्रांतली एक प्रिंट बिघडलेली होती, एका कोपऱ्यात राखाडी डाग होता, मीच नाइलाजाने लावली होती. ज्याला नजर आहे तो ती घेणार नाही, हे मला कळत होतं. मी नीराबेनना काही विचारलं नाही. टिकलीकडे बघत राहिले आणि घरी आले.

मुंबईच्या गॅलरीचे इंद्रनील सेन मला म्हणाले होते, तुमची सगळी माणसं झोपलेली का असतात? मी काळ, थांबणं, शहराचा श्वास असं बरंच काही बोलले, त्यांनी ते लिहूनही घेतलं. खरं उत्तर साधं आहे. बाबा जेवले की एक ते तीन झोपायचे. मला तेवढाच वेळ घराबाहेर पडता यायचं, आणि तेव्हा अख्खा बाजार झोपलेला असायचा. मी दुसरं काय काढणार होते?

मोहना


घडियाळी पोळ, बडोदे
१२ जानेवारी २००४

दादा,

तीन तारखेला मी इंद्रनीलबाबूंना फोन करून सगळं सांगून टाकलं. अकरा चित्रं, तू, कपाट, सगळं. प्रदर्शन रद्द केलं असतं तरी चाललं असतं. आदल्या रात्री झोपले नव्हते, तुला खूप शिव्या घातल्या होत्या.

ते हसले. वाईट नाही हसले, सवयीने हसल्यासारखे. "अरे मोहनाजी, हर आर्टिस्ट का कोई भाई होता है. किसी का ससुर होता है. आप काम भेजिए." म्हणाले, 'खासगी संग्रह' ही ओळ पत्रकातून काढून टाकतो, कुणी ती वाचत नाही. मी म्हटलं, मग तुम्ही मला घेतलं कशासाठी? म्हणाले, दोन्हीसाठी. काम बरं आहे, आणि विकलं जातं असं ऐकलं होतं. आता नुसतं काम बरं आहे, बघू या.

त्यांना धक्का बसावा असं मला वाटत होतं, दादा. कुणीतरी 'हे फार वाईट झालं' असं म्हणावं, एवढंच हवं होतं. तेही मिळालं नाही.

वीस चित्रं पाठवली आहेत. सगळी नव्याने छापली, बाथरूमच्या खिडकीला काळा पडदा लावून, दोन महिने. आता पडदा लावायला दुपारची वाट बघावी लागत नाही, कधीही लावता येतो, आणि तरी मी दुपारी एक वाजताच लावते. बिघडलेल्या प्रिंटचा डाग या वेळी नीट काढला.

हे पत्र एका गोष्टीसाठी लिहिते आहे. मुंबईला यायचं नाही. काही घ्यायचं नाही. कुणाला पाठवायचं नाही, डीलर नाही, ओळखीचा नाही, वहिनीचा मावसभाऊ नाही. तुला बाबांची शपथ आहे. एकदा, फक्त एकदा, मला बघू दे की माझ्या चित्रासमोर कुणी आपणहून उभं राहतं का. कुणीच राहिलं नाही तर मी परत येईन आणि शाळेत चित्रकला शिकवीन, आणि तुझ्यावर रागावणंही सोडून देईन. पण ते मला खरं खरं कळू दे.

मोहना


मुंबई
१७ फेब्रुवारी २००४

दादा,

काल फोनवर तुला अर्धवटच सांगितलं, आणि तू मध्येच भलतं काहीतरी बोललास, म्हणून मी फोन ठेवला. आता सगळं लिहिते.

प्रदर्शन सुरू होऊन आठवडा झाला. पहिल्या दिवशी आले ते इंद्रनीलबाबूंचे लोक, वाइन पिऊन गेले. दुसऱ्या दिवशी दुपारी एक बाई आली. पन्नाशीची, सुती साडी, पायात इस्पितळातल्या नर्सेस घालतात तसे पांढरे बूट, खांद्याला डब्याची पिशवी. आत येऊ का, असं विचारून आली. सगळी चित्रं बघितली आणि कासाराच्या चित्रासमोर थांबली. कितीतरी वेळ. मी खांबाआडून बघत होते. ती गेल्यावर अभिप्रायाची वही पाहिली. लिहिलं होतं, 'हा माणूस दमून झोपलेला नाही, गिऱ्हाइकाची वाट बघून झोपला आहे. पुन्हा बघायला येईन. इंदिराबाई.'

दादा, त्या चित्राबद्दल इतकं नेमकं मलाही कधी सुचलं नव्हतं. इतकी वर्षं ते मी रोज बघते आहे.

काल ती खरंच परत आली. थेट त्याच चित्रापाशी गेली, आणि मग इंद्रनीलबाबूंना म्हणाली, हे मला घ्यायचंय. त्यांनी टिकली चिकटवली आणि मला पुढे केलं. ती माझा हात धरून बोलायला लागली. घरात एकच भिंत मोकळी आहे, तिच्यावर बँकेचं कॅलेंडर आहे, ते काढून हे लावते म्हणाली. रोज रात्रपाळीहून आल्यावर समोर दिसेल. मग म्हणाली, "मी बडोद्याचीच हो. माहेर खंडेराव मार्केटच्या मागे. आमच्या तिथे अशीच झोपायची माणसं दुपारी."

बडोदे म्हणाली आणि माझं डोकं फिरलं.

मी हात सोडवून घेतला. म्हटलं, "तुम्हाला कुणी पाठवलं?"

ती हसली. "कुणी म्हणजे?"

"जयवंतरावांनी ना? गोरव्याचे?"

"कोण हो जयवंतराव?"

"पुरे आता. वहीत काय लिहायचं तेही त्यांनीच सांगितलं का? किती वेळ उभं राहायला सांगितलं होतं?"

हे मी बोलले, दादा. सगळ्यांसमोर, मोठ्या आवाजात. इंद्रनीलबाबू मध्ये पडायला आले, त्यांनाही बाजूला केलं. भिंतीवरची टिकली मी स्वतः नखाने खरवडून काढली. ती बाई रागावली नाही. तिला लाज वाटली, माझी की स्वतःची कोण जाणे. पिशवी खांद्यावर नीट केली आणि म्हणाली, "मी आपणहून आले होते." आणि गेली.

तेवढ्यावरही मला वाटत होतं, की मी बरोबर आहे. तुला फोन केला तो तुला पकडायला. तू म्हणालास, "मोहना, बाबांची शपथ घातली होतीस. मी कुणालाही पाठवलं नाही." तुझा आवाज ऐकला आणि मला कळलं, की हे खरं आहे. पहिल्यांदाच तू माझ्याशी काहीही लपवून बोलत नव्हतास. आणि म्हणून ती बाई खरी होती.

मग तू ते बोललास. तू म्हणालास, "रडू नकोस गं. ती गेली तर गेली. ते चित्र मी घेतो, या वेळी रीतसर, माझ्या नावाने. रविवारी स्वतः येतो आणि घेऊन जातो."

तुला अजूनही कळलेलं नाही. तू वाईट माणूस नाहीस, हेच मला फार जड जातं. वाईट असतास तर तुला विसरून मोकळी झाले असते. माझं चित्र कुणाला तरी हवंसं वाटावं म्हणून मी इतकी वर्षं वाट बघितली. एक माणूस आलं, तेव्हा मी त्याला ओळखलं नाही, कारण तू मला जे दाखवत आलास त्याच्याशी ते हुबेहूब जुळत होतं. आता पुढे कुणीही माझ्या चित्रासमोर थांबलं, की मी आधी त्याच्याकडे संशयाने बघणार. तू माझ्याकडून हे घेतलंस, आणि हे तुला कुठल्याही नावाने परत करता येणार नाही.

तिचा पत्ता नाही. पावतीवर पत्ता लिहायच्या आतच मी तिला हाकललं. आज सकाळी तीन इस्पितळांत जाऊन विचारलं, इंदिराबाई नावाच्या नर्स आहेत का. एका ठिकाणी होत्या, त्या तिशीच्या निघाल्या. उद्या आणखी दोन ठिकाणी जाणार आहे, सकाळी. दुपारी मी इथे असते, कारण ती दोन्ही वेळा दुपारीच आली होती.

प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत आहे. कासाराचं चित्र मी कुणालाही द्यायचं नाही असं इंद्रनीलबाबूंना सांगून ठेवलंय. दाराशी खुर्ची टाकून बसते. दारावर काच आहे पण ती दुधी आहे, बाहेर कुणी उभं राहिलं तर नुसती सावली दिसते, माणूस कळत नाही.

तू रविवारी येऊ नकोस. चांगल्या मनाने येशील, तरी येऊ नकोस. दारावर सावली पडली की मला वाटेल, कुणीतरी चित्रं बघायला आलंय.

मोहना